फ्लाइट सिम्युलेटरसाठी महागडा तयार कॉम्प्युटर निवडताना: काय विचारायचं, कोणत्या क्रमाने, आणि घरी आल्यावर काय तपासायचं

"सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड घेतलं, तरी मुंबईला उतरताना चित्र अडखळतंच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच मी कोटेशन मागतो. त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. पैसे सगळे कार्डात ओतलेले, आणि प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) 'दुकानदार देईल ते'. गोळीबाराच्या गेमला हे खपून जातं. सिम्युलेटर मात्र मशीनच्या वेगळ्याच भागावर भार टाकतो, म्हणून इथे पैशाची वाटणीही वेगळी लागते.

'तयार' कॉम्प्युटर दोन प्रकारचा असतो. एक कंपनीचा सीलबंद ब्रँडेड डेस्कटॉप. दुसरा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दुकानात यादीनुसार जोडून, तपासून मिळणारा. खालचे टप्पे दोन्हींना लागू आहेत, फक्त क्रम बदलू नका. उलट क्रमाने गेल्यामुळेच गोंधळ होतो.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी चार ओळी लिहा

कोणता सिम, कोणतं विमान, कसल्या विमानतळावर, कोणत्या पडद्यावर. एवढंच लिहायचं आहे, पण खरं लिहा.

सिमप्रमाणे भूक बदलते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ देखावे इंटरनेटवरून ओढतो, त्यामुळे त्याला प्रोसेसर, रॅम आणि ब्रॉडबँड असं तिन्ही चांगलं लागतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेल्या 'आदर्श' यादीत ६४ जीबी रॅम, १२ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) आणि १०० एमबीपीएस इंटरनेट आहे. एक्स-प्लेन १२ देखावे डिस्कवर ठेवतो. त्याला नेट कमी लागतं, पण व्हीरॅम संपली की जमिनीचं चित्र धुरकट करून टाकतो. लढाऊ विमानांचा डीसीएस वर्ल्ड रॅम भरपूर खातो, आणि नकाशे-विमानं विकत घेत गेलात तर डिस्कवर काही शे जीबी जागा अडवतो.

विमानाची ओळ लोक हमखास वगळतात. सेसना १७२ घेऊन कोकण किनाऱ्यावरून भटकणार असाल, तर मध्यम मशीनही मजेत चालतं. पीएमडीजीचं ७३७ किंवा फेनिक्सचं ए३२० (हुबेहूब यंत्रणांची विकतची विमानं) घेऊन, विकतचा विमानतळ टाकून, आजूबाजूला पन्नास विमानांची वाहतूक चालू ठेवून उतरायचं असेल, तर ते काम अगदी वेगळ्या वजनाचं आहे.

पडद्याचा हिशोब पिक्सेलमध्ये करा. साधा १०८०पी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, फोरके म्हणजे ८३ लाख. १४४०पीचे तीन मॉनिटर शेजारीशेजारी लावले की १ कोटी १० लाख होतात, म्हणजे फोरकेपेक्षाही जास्त. मेटा क्वेस्ट ३ या व्हीआर हेडसेटचे (डोळ्यांवर बांधायच्या पडद्याचे) दोन डोळे मिळून ९१ लाख भरतात, आणि व्हीआरमध्ये प्रत्यक्षात त्याहून जास्तच काढावे लागतात.

तपासा: आज तुमच्याकडे जे काही मशीन आहे त्यावर मायक्रोसॉफ्टचा सिम चालत असेल, तर त्यात डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) खिडकी उघडा. गर्दीच्या विमानतळावर ती 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' (प्रोसेसर अडवतोय) म्हणते की 'लिमिटेड बाय जीपीयू' (ग्राफिक्स कार्ड अडवतंय), ते पाचव्या ओळीत लिहून ठेवा. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक फ्रेमला सीपीयूचा आणि जीपीयूचा किती वेळ जातो ते आकड्यांत दिसतं. या एका नोंदीने पुढचे निम्मे वाद मिटतात.

## टप्पा २: आधी प्रोसेसर ठरवा

विमानाच्या यंत्रणा, आसपासची वाहतूक, आता काय काय काढायचं याचा हिशोब, हे बरंचसं काम सिममध्ये एकाच मुख्य धाग्यावर (मेन थ्रेडवर) चालतं. रेल्वेच्या तिकीट खिडक्यांसारखं आहे हे. तुमची रांग एकाच खिडकीची, शेजारच्या पंधरा रिकाम्या असल्या तरी तुम्हाला उपयोग नाही. खिडकीवरच्या माणसाचा हात चपळ हवा, आणि त्याला लागणारे कागद टेबलावरच हवेत. दर वेळी आतल्या खोलीत उठून जावं लागलं की रांग खोळंबते.

खिडक्या म्हणजे प्रोसेसरचे कोर, टेबल म्हणजे त्याची कॅश (जवळची झटपट मेमरी). म्हणूनच नावात 'एक्स३डी' असलेले एएमडीचे प्रोसेसर इथे उठून दिसतात. रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, त्याच पिढीच्या ९७००एक्समध्ये ३२ एमबी. दोन्ही आठ कोरचे. आधीच्या पिढीचा ७८००एक्स३डी हाही ९६ एमबीचाच आहे, आणि बजेट ताणलेलं असेल तर तो घेऊन वाचलेले पैसे रॅममध्ये घालण्यात काहीच कमीपणा नाही.

सोळा कोरचा ९९५०एक्स३डी दुकानदार आग्रहाने सुचवतील. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं कामही त्याच मशीनवर असेल तर घ्या. फक्त उडायचं असेल तर नको. त्यातल्या दोन चिपलेटपैकी (आतल्या छोट्या चिपांपैकी) एकावरच ती जादा कॅश आहे, त्यामुळे सिम योग्य चिपलेटवर बसवण्यासाठी विंडोज, चिपसेट ड्रायव्हर आणि गेम बार यांचं नीट जुळावं लागतं. जास्त पैसे देऊन जास्त उपद्व्याप विकत घेण्यासारखं आहे हे.

सावधान: स्वस्त मिळतंय म्हणून इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचं आय७-आय९ मशीन घेत असाल, तर त्यावर ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (इंटेलचं दुरुस्तीचं अपडेट) असलेला बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) टाकलाय का ते लेखी विचारा. त्या पिढ्यांच्या वरच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत होती, आणि इंटेलने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली होती. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, म्हणून वापरलेला तर घेऊच नका.

## टप्पा ३: मग ग्राफिक्स कार्ड, आणि त्यात आधी व्हीरॅम

आता पडद्याची ओळ बघा. १४४०पीच्या एका मॉनिटरला १६ जीबीचं आरटीएक्स ५०७० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी पुष्कळ झालं. फोरकेला आरटीएक्स ५०८०. तेही १६ जीबीच आहे हे लक्षात असू द्या. ३२ जीबीचं ५०९० मी दोनच परिस्थितींत सुचवतो: भारी व्हीआर हेडसेट असेल तर, किंवा तीन मोठे मॉनिटर असतील तर. १२ जीबीचं साधं ५०७० या किमतीच्या मशीनमध्ये दिसलं तर समजा, कोणीतरी तुमच्या पैशाने कॅबिनेटचे रंगीत दिवे घेतलेत.

जाहिरातीतल्या एफपीएसच्या आकड्यांत फ्रेम जनरेशन धरलेलं असतं. ते वाईट नाही. मेन थ्रेड अडला तरी मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, त्यामुळे लांबच्या विमानप्रवासात चित्र खरंच गुळगुळीत दिसतं. पण योक (विमानाचं स्टिअरिंग) हलवल्यावर विमान किती लवकर ऐकतं ते मूळ फ्रेमवर ठरतं. मूळ फ्रेम २५ असतील तर पडद्यावर ७५ दिसूनही लँडिंगला हात जड लागतो. व्हीआरसाठी तर हे आकडे हिशोबातच धरू नका.

व्हीआरवाल्यांना आणखी एक. एचपी रिव्हर्ब जी२ जुन्या बाजारात मोहात पाडणाऱ्या भावात मिळतो. तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालतो, आणि ती सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली. नव्या मशीनवर तीच आवृत्ती किंवा त्यानंतरची येणार.

सावधान: लॅपटॉपमधलं '५०९०' हे डेस्कटॉपचं ५०९० नव्हे. त्याची चिप डेस्कटॉपच्या ५०८०च्या घरातली, मेमरी २४ जीबी, आणि वीज जास्तीत जास्त १७५ वॉटच्या आसपास. डेस्कटॉपचं ५०९० एकटं ५७५ वॉट ओढतं. बदलीची नोकरी असेल तर लॅपटॉप घ्या, पण नावावर जाऊन किंमत लावू नका.

## टप्पा ४: रॅम आणि डिस्क

इथे मी स्वतः फसलोय. माझ्या पहिल्या तयार मशीनच्या कोटेशनवर '३२ जीबी रॅम' लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं. फक्त ३२ जीबीची एकच स्टिक होती. प्रोसेसर दोन वाटांनी मेमरीशी बोलतो, आणि माझी एक वाट आठ महिने बंद होती. मी मात्र इतके दिवस सिमलाच शिव्या घालत होतो.

म्हणून कोटेशनवर स्टिकची संख्या लिहून घ्या. ३२ जीबी हवी तर १६-१६च्या दोन, ६४ हवी तर ३२-३२च्या दोन. एएमडीच्या एएम५ (प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं नाव) बोर्डवर डीडीआर५, ६००० वेग, सीएल३० (मेमरीच्या उत्तराला लागणारा उशीर, कमी तेवढा बरा) ही जोडी नेमकी बसते. चारही खाचे भरून घेऊ नका. चार स्टिक असल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६००वर येतो, आणि 'नंतर अजून दोन टाकू' हा बेत तिथेच फसतो. म्हणजे ६४ लागणार असेल तर आजच दोन स्टिकमध्ये घ्या. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे तयार मशीनमध्ये कात्री बहुधा इथेच लागते हेही ध्यानात ठेवा.

डिस्क: एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी), जेन ४ (चौथ्या पिढीची), २ टीबी. जेन ५ला जादा पैसे देऊन सिममध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. मॉडेलचं नाव मात्र लिहून घ्या, नुसतं '२ टीबी एसएसडी' चालणार नाही.

## टप्पा ५: कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नाही ते विचारा

प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं ठळक असतात, कारण गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. नफा उरलेल्या ओळींमध्ये लपलेला असतो. एसएमपीएससमोर फक्त '८५० वॉट' असेल तर तो कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, हे विचारा. ५०७० टीआयला चांगला ८५० वॉटचा पुरतो, आणि वरच्या प्रोसेसरसोबत ५०८०लाही. ५०९०ला एनव्हिडिया स्वतः १००० वॉट सांगते. एसएमपीएस शक्यतो एटीएक्स ३.१ मानकाचा आणि १२व्ही-२x६ची (नव्या कार्डांचा वीजप्लग) स्वतःची वायर असलेला घ्या, म्हणजे मध्ये अडॅप्टरचा गुंता नको.

ब्रँडेड मशीन घेत असाल तर आणखी एक प्रश्न वाढतो. मदरबोर्ड आणि एसएमपीएस बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का? काही कंपन्या आपल्याच आकाराचे वापरतात. तीन वर्षांनी एसएमपीएस गेला की मग त्याच कंपनीच्या दारात, ती सांगेल त्या भावात.

यूएसबीची भोकं मोजा. योक, थ्रॉटल, रडर पेडल, हेडसेट, कीबोर्ड, माउस, एखादं बटणांचं पॅनेल असे सात-आठ प्लग सहज होतात. बोर्डच्या मागे किमान आठ हवेत, किंवा स्वतःची वीज घेणारा हब हवा.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी. पुढे काच असलेली सुंदर कॅबिनेटं विदर्भाच्या मे महिन्यात भट्टी होतात. ९८००एक्स३डीला चांगला दोन टॉवरचा एअर कूलर पुरतो. वॉटर कूलिंग घेतलंत तर त्याला वेगळी वॉरंटी आहे का ते पाहा.

दुकानदाराला मी साधारण असा मेसेज पाठवतो, हवा तर उचला:

"नमस्कार साहेब. कोटेशन मिळालं, धन्यवाद. एवढं लिहून द्याल का: १) रॅमच्या स्टिक किती, वेग आणि सीएल किती. २) एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेल. ३) मदरबोर्डचं पूर्ण नाव. ४) ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचं, वॉरंटी किती वर्षं, भारतातली की बाहेरची. ५) एसएसडीचं मॉडेल. ६) विंडोजचं लायसन्स बिलात आहे का. ७) बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर येईल का."

सातही उत्तरं सरळ आली तर तो दुकानदार हजार-दोन हजार महाग असला तरी धरून ठेवा. 'सगळं बेस्टच टाकतो सर' एवढंच उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

## टप्पा ६: घरची वीज आणि खोली

मशीन येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे कधीकधी काहीच नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट वेगळे धरा. बाजारातला ११०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ६६० वॉटच देतो. ५०९०वालं मशीन भर उड्डाणात याच्यापुढे जातं, आणि वीज गेली की यूपीएससकट सगळं बंद. चांगल्या एसएमपीएसना शुद्ध साइन वेव्ह मानवते, तेव्हा तसाच यूपीएस घ्या. त्याच्यावर उडत बसायचं नसतं. पाच मिनिटं मिळाली, फ्लाइट सेव्ह झाली, मशीन नीट बंद झालं की त्याचं काम संपलं.

मशीन ७०० वॉट ओढत असेल तर खोलीत ७०० वॉटचा हीटर लावल्यासारखंच आहे. बंद खोलीत दोन तासांचं उड्डाण करणार असाल तर एसी किंवा उघडी खिडकी आधी ठरवा.

## टप्पा ७: पैसे देण्याआधी वॉरंटी

ब्रँडेडला बहुतेक वेळा अख्ख्या मशीनची एकच वॉरंटी असते, जोडलेल्याला प्रत्येक पार्टची वेगळी. पहिल्यात माणूस घरी येतो की मशीन उचलून न्यायचं, ते विचारा. वीस किलोचं खोकं घेऊन साताऱ्याहून पुण्याला एसटीने जाण्याची हौस कोणालाच नसते. दुसऱ्यात विचारा की पार्ट बिघडला तर दुकानदार कंपनीकडे पाठवेल की तुम्हीच सर्व्हिस सेंटर शोधायचं. स्वतः रॅम किंवा एसएसडी वाढवली तर वॉरंटी जाते का, हेही लेखी घ्या.

अमेरिकेतला भाऊ किंवा दुबईची आत्या 'तिकडून आणतो' म्हणाली, तरी तिथल्या वॉरंटीचा इथे उपयोग किती ते आधी बघा. शिवाय प्रवासी सामानातली सवलत लॅपटॉपला आहे, डेस्कटॉपला तशी नाही.

## टप्पा ८: खोकं घरी आल्यावर, याच क्रमाने

१. मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवूनच सील फोडा.

२. बाजूचं झाकण काढा. आत फोमची किंवा हवेची पिशवी ठेवलेली असते, ती काढल्याशिवाय बटण दाबू नका.

३. कार्ड खाच्यात पूर्ण बसलंय का, प्रवासात वाकलंय का ते पाहा. कार्डाची वीजवायर शेवटपर्यंत आत गेली पाहिजे. प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसली तर तिथे उष्णता साठून प्लग वितळू शकतो.

४. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावा. मदरबोर्डच्या भोकात लावून 'कार्ड चालत नाही' म्हणणारे दर महिन्याला एक तरी भेटतात.

५. चालू करा आणि थांबा. एएम५ मशीन पहिल्यांदा मेमरी जुळवून घेताना काही मिनिटं पडदा काळाच ठेवतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

६. बायॉसमध्ये जाऊन एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. दुकानातून ते बहुधा बंदच येतं, आणि ६०००चे पैसे भरून तुम्ही ४८००वर उडत राहता.

७. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर निमूटपणे ६०वर बसलेला असतो.

८. यूएसबीची वीज वाचवण्याची सोय पॉवर सेटिंगमधून बंद करा. नाहीतर ऐन शेवटच्या वळणावर थ्रॉटल गायब होतो.

तपासा: सीपीयू-झेडमध्ये रॅमच्या पानावर डीडीआर५चा वेग ३०००च्या आसपास दिसायला हवा. तो निम्माच दाखवला जातो, म्हणजे ६००० बरोबर. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं नाव, व्हीरॅम आणि एक्स१६ (कार्डाला सोळाही वाटा मिळाल्याची खूण) बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली ते दिसतं. नव्या डिस्कवर काही शे तास दिसले तर ती नवी नाही. सीरियल नंबर बिलाशी ताडून बघा. हे सगळं सिम डाउनलोड होत असतानाच उरकतं.

## टप्पा ९: चाचणीचं उड्डाण

परत करण्याची मुदत संपायच्या आत एक ठरावीक उड्डाण करा. माझं असं असतं: पुण्याहून मुंबई, संध्याकाळची वेळ, ढग, वाहतूक चालू, नेहमीचं जड विमान. कमीत कमी तासभर. एचडब्ल्यूइन्फो मागे चालू ठेवून प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान नोंदवा. ९८००एक्स३डीची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तो सिममध्ये सतत तिच्या जवळ राहत असेल तर कूलर नीट बसलेला नाही.

अडखळलं तर आधी टेरेन एलओडी (जमीन किती लांबपर्यंत बारकाईने दाखवायची ती सेटिंग) कमी करा, मग वाहतूक. या दोन्हींचा भार मेन थ्रेडवर पडतो. सावल्या आणि ढग कमी करून काही होत नसेल तर त्याचा अर्थ हाच की अडचण कार्डाची नाही. एफपीएसची खिडकी उघडी ठेवून टप्पा १ मधल्या पाचव्या ओळीशी ताडून पाहा. 'मेनथ्रेड' दिसतंय आणि फ्रेम ४०च्या वर स्थिर आहेत, तर मशीन उत्तम आहे, आता फ्रेम जनरेशन चालू करा. फ्रेम स्थिर असूनही दर काही सेकंदांनी झटका बसत असेल तर नेट बघा. वायफाय सोडून लॅनची वायर लावा आणि सिमची रोलिंग कॅश (नेटवरून आलेले देखावे साठवायची जागा) एनव्हीएमईवर ठेवा.

या उड्डाणाचे आकडे, सेटिंगचे फोटो आणि ड्रायव्हरची आवृत्ती एका फोल्डरमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी एखादं अपडेट येऊन सगळं मंदावलं की तेच उड्डाण पुन्हा करून पाहता येतं, आणि सर्व्हिसवाल्यासमोर दाखवायला हातात काहीतरी असतं.